१०८ ची रिंग वाजलीच पाहिजे

गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर मध्यरात्री कुणाला साप चावतो आणि घरचे १०८ फिरवतात. फोन वाजतो तो पुण्यात. सिंधुदुर्गात महामार्गावर गाडी उलटली, नंदुरबारमध्ये बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, तरी पहिला आवाज पोहोचतो तो औंधमध्येच. तिथल्या उरो रुग्णालयाच्या आवारात ‘महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवे’चे प्रतिसाद केंद्र आहे. राज्य सरकारने २०१४ मध्ये ही सेवा सुरू केली आणि चालवण्याचे काम पुण्याच्याच बीव्हीजी इंडिया या कंपनीकडे दिले. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ मध्ये अतिगंभीर रुग्णांसाठीची सामग्री होती, तर ७०४ मध्ये प्राथमिक जीवरक्षक सुविधा.

रुग्णवाहिका आपल्याला रस्त्यावर दिसते, तिचा भोंगा ऐकू येतो. पण ती निघण्याआधी एक काम झालेले असते आणि ते कुणाला दिसत नाही. फोन लागलेला असतो, कुणीतरी उचललेला असतो, पत्ता नीट ऐकून पुढे दिलेला असतो. हा आवाज वाटेत कुठे अडकला, तर ९३७ काय आणि नऊ हजार काय, सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतील. म्हणूनच दवाखाना असो, बँक असो की आपत्कालीन केंद्र, आवाज वाहून नेणारी यंत्रणा बिघाडातही चालू कशी ठेवायची, हा अभियंत्यांइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

पाच मिनिटांचे गणित

हृदय बंद पडले की मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा थांबतो. साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. छातीवर दाब देण्याचे उपचार, म्हणजे सीपीआर, मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, असे हृदयरोगतज्ज्ञ मानतात.

आता यंत्रणेकडे पाहू. एखादी कंपनी सांगते, ‘आमचा सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू असतो.’ ऐकायला छान वाटते. पण वर्षाचे तास ८,७६०. त्यांतला एक टक्का म्हणजे ८७ तासांहून जास्त, साडेतीन दिवसांपेक्षा अधिक काळ फोन बंद. ९९.९ टक्के म्हटले तर वर्षाला पावणेनऊ तास. टेलिफोनच्या क्षेत्रात ज्याला ‘पाच नव्वे’ म्हणतात, तो ९९.९९९ टक्क्यांचा दर्जा गाठला, तर वर्षभरात बंद राहण्याची मुभा उरते सव्वापाच मिनिटांची. मेंदूकडे असलेली मुदतही साधारण तेवढीच.

त्यात एक अडचण आहे. कॉल एका यंत्रातून जात नाही, साखळीतून जातो. तुमचा मोबाइल, जवळचा टॉवर, टॉवरपासून शहरापर्यंतची ऑप्टिकल फायबर, टेलिफोन कंपनीचे एक्स्चेंज, केंद्रात शिरणारी लाइन, कॉल वाटून देणारा सर्व्हर, ऑपरेटरच्या कानावरचा हेडफोन. यांतल्या फक्त पाच कड्या धरल्या आणि प्रत्येक कडी ९९.९ टक्के भरवशाची मानली, तर सगळ्यांचा गुणाकार येतो ९९.५ टक्के. म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास बंद! प्रत्येक कडी उत्तम असूनही साखळी कमजोर निघते. त्यामुळे एकेक यंत्र चांगले घेऊन भागत नाही, रचनेचाच विचार करावा लागतो.

जोडीदार आणि त्याची नाडी

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा आहे. प्रत्येक गोष्ट दोन-दोन ठेवायची. दोन सर्व्हर, प्रत्येकात दोन पॉवर सप्लाय, दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर, आणि त्या इमारतीत शिरतानाही दोन वेगळ्या बाजूंनी. एका बाजूचा रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली, तर दुसरी शाबूत राहते. पुणेकरांना याचे महत्त्व समजावून सांगायला नको.

जोडीचे गणित सुखावणारे आहे. ९९ टक्के भरवशाची दोन यंत्रे शेजारी ठेवली आणि त्यांपैकी एक चालले तरी पुरते अशी सोय केली, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. वर्षाचे ८७ तास एकदम ५३ मिनिटांवर येतात.

पण दुसऱ्या यंत्राला कळणार कसे, की आता आपली पाळी आली? त्यासाठी पहिले यंत्र ठरावीक अंतराने ‘मी ठीक आहे’ असा बारीकसा संदेश पाठवत राहते. अभियंते त्याला हृदयाचा ठोकाच म्हणतात. सलग काही ठोके चुकले, की जोडीदार काम हाती घेतो. काही ठिकाणी तो आधीपासूनच निम्मे काम करत असतो, त्यामुळे बदली झाल्याचे फोन करणाऱ्याला जाणवतही नाही.

यातही एक गोम आहे. दोन्ही सर्व्हर ठणठणीत असतात, पण त्यांना जोडणारी तार तुटते. मग दुसऱ्याला वाटते की पहिला गेला, आणि पहिला तर कामावर हजरच असतो. एकाच गादीवर दोन कारभारी! एकच कॉल दोघांनी घेतला किंवा एकाच गाडीला दोन हुकूम सुटले, तर घोळ होणार. म्हणून चांगल्या रचनेत तिसरा साक्षीदार ठेवतात. त्याचे मत ज्याच्या बाजूने पडेल तोच काम करतो, दुसरा गप्प बसतो.

रेकॉर्ड केलेल्या आवाजालाही हाच नियम. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो आणि सेकंदाला आठ हजार बाइट एवढी त्याची नोंद होते. एक मिनिटाचा निरोप म्हणजे पाच लाख बाइटच्या आत. आजच्या हिशेबाने ही जागा किरकोळ आहे. त्यामुळे प्रत्येक निरोप एकाच वेळी दोन डिस्कवर लिहून ठेवायला फारसा खर्च येत नाही. उलट एकाच डिस्कवर ठेवलेला निरोप ती डिस्क गेली की कायमचा जातो. मग रुग्णाच्या नातेवाइकाने सांगितलेला पत्ता पुन्हा ऐकायचा म्हटले तरी ऐकता येत नाही.

दोघे एकाच कारणाने पडतात तेव्हा

वरच्या गणितात एक अट दडलेली आहे. दोन यंत्रे एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडली पाहिजेत. प्रत्यक्षात मोठे बिघाड होतात ते नेमके ही अट मोडते म्हणून.

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे कोसळले. न्यूयॉर्कमधील एक एक्स्चेंज किरकोळ कारणाने थांबले, स्वतःला सावरून पुन्हा सुरू झाले आणि शेजाऱ्यांना त्याने कळवले, ‘मी परत आलो.’ हा संदेश हाताळण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच चूक होती. संदेश मिळताच शेजारची एक्स्चेंज बंद पडली, सावरली आणि त्यांनीही पुढच्यांना तोच संदेश पाठवला. अशी ११४ एक्स्चेंज नऊ तास एकमेकांना पाडत राहिली. प्रत्येकाकडे जोडीदार यंत्र होते, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर आणि तीच चूक.

दुसरे उदाहरण रुग्णालयाचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचे पाणी न्यूयॉर्कमध्ये शिरले. तिथल्या बेलव्ह्यू रुग्णालयाने जनरेटर तेराव्या मजल्यावर, पुरापासून सुरक्षित ठेवले होते. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाले. कर्मचाऱ्यांनी साखळी करून हातोहात इंधन वर नेले, तरी शेवटी रुग्णालय रिकामे करावे लागले.

हा धडा मुठेकाठच्या शहराला परका नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पेठांमध्ये शिरले. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रात्रीतून पाणी भरले. आजही अनेक इमारतींमध्ये विजेचे पॅनेल, बॅटऱ्या आणि टेलिफोनचे यंत्र तळघरात किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये असते. तिथे जागा स्वस्त असते म्हणून. सर्व्हर दोन घेतले आणि दोन्ही एकाच तळघरात ठेवले, तर पाण्याच्या दृष्टीने तो एकच सर्व्हर असतो.

यंत्र गप्प बसले, तर?

सगळ्यात घातक बिघाड धडाम आवाज करत नाही. ९ एप्रिल २०१४ च्या मध्यरात्री अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातले ९११ कॉल लागेनासे झाले. वीज होती, सर्व्हर चालू होते, केबल तुटलेली नव्हती. हे कॉल वाटून देणारे केंद्र दूर कोलोरॅडोमधील एंगलवुड गावात होते. तिथला संगणक प्रत्येक कॉलला एक क्रमांक देत असे. किती क्रमांक द्यायचे याची कमाल मर्यादा सॉफ्टवेअर लिहिताना ठरवलेली होती. त्या रात्री ती संपली. नवा क्रमांक नाही म्हणून नवा कॉल पुढे जाईना.

जोडीदार केंद्र मायामीमध्ये सज्ज होते. पण यंत्रणेच्या मते मुख्य केंद्र जिवंत होते, त्याचा ठोका लागत होता. धोक्याची सूचना निघाली, तीही किरकोळ दर्जाची, म्हणून कुणी तिच्याकडे पाहिले नाही. सात राज्यांतील ८१ केंद्रांना झळ बसली. काही ठिकाणी सहा तासांपर्यंत सेवा बंद राहिली आणि ६,६०० हून अधिक कॉल वाया गेले. सिएटलमधील एका स्त्रीने घरात चोर शिरत असताना ३७ वेळा फोन लावला. एकदाही लागला नाही.

डॉक्टरला हे लगेच समजेल. नाडी लागते याचा अर्थ रुग्ण बरा आहे असा होत नाही. म्हणून आता चांगल्या यंत्रणेत नुसते ठोके मोजून थांबत नाहीत. दर काही मिनिटांनी यंत्रच एक खोटा कॉल लावते, तो शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचतो का आणि आवाज दोन्ही बाजूंनी ऐकू येतो का, हे तपासते. तासाला इतके कॉल येतात आणि अचानक शून्य झाले, तर ती शांतता म्हणजेच धोक्याची घंटा असे धरले जाते.

वीज गेली तरी बोलणारा फोन

पूर्वी घरातली वीज गेली तरी काळा डबडा फोन चालायचा, हे अनेकांना आठवत असेल. त्यात जादू नव्हती. फोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तांब्याच्या तारेवरून यायची. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची भलीमोठी रांग असे आणि पाठीशी जनरेटर. आता घरोघरी फायबर आली. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातला मोडेम बंद पडला की लँडलाइनही मुकी होते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. लोकल थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरचा आधार घ्यावा लागला. अशा वेळी आवाजाची यंत्रणा तीन थरांवर उभी असावी लागते. वीज गेल्याच्या क्षणी भार उचलणारे यूपीएस, जनरेटर सुरू होईपर्यंत तग धरणाऱ्या बॅटऱ्या, आणि काही तास किंवा दिवस चालणारा जनरेटर. बहुतेक ठिकाणी हे तिन्ही असते. कच्चा दुवा असतो तो वेगळाच. जनरेटर वर्षभर सुरू केलेला नसतो, डिझेल तळाला गेलेले असते किंवा बॅटरीचे आयुष्य संपून दोन वर्षे झालेली असतात.

छोट्या दवाखान्यांसाठी एक साधी सोय आहे. अनेक ईपीएबीएक्स यंत्रांमध्ये वीज पूर्ण गेली, तर बाहेरची एक तांब्याची लाइन आपोआप एका साध्या फोनला थेट जोडली जाते. ‘एक दाबा, दोन दाबा’ बंद होते, पण रिंग वाजते. फक्त तो साधा फोन तिथे लावलेला हवा आणि तो कुठे आहे हे रात्रपाळीच्या परिचारिकेला ठाऊक हवे.

गर्दीचे शास्त्र

काहीच बिघडलेले नसताना फोन लागत नाही, असेही होते. कारण गर्दी. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने १९०९ ते १९१७ या काळात याचे गणित मांडले आणि ते आजही वापरले जाते.

समजा, एका केंद्रावर तासाला ६०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल दोन मिनिटे चालतो. सरासरी २० लाइन गुंतलेल्या राहतील. मग २० लाइन पुरे? नाही. कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, झुंडीने येतात. एर्लांगच्या सूत्राप्रमाणे २० लाइन ठेवल्या तर शंभरातल्या सुमारे १६ जणांना ‘व्यस्त’ ऐकू येईल. ३० ठेवल्या तर शंभरात एकालाही क्वचित. या जादाच्या दहा लाइन एरवी रिकाम्या दिसतात. खर्च कमी करायला बसलेल्या माणसाची नजर नेमकी त्यांच्यावर जाते.

महामार्गावर बस उलटली की एकाच अपघाताचे पन्नास कॉल येतात. कॉल दुप्पट झाले, तर ३० लाइनवर किमान चौथा हिस्सा लोकांना फोन लागणारच नाही. ते पुन्हा पुन्हा लावतात आणि गर्दी आणखी वाढते. म्हणून यंत्रणेने अशा वेळी कोसळायचे नाही, तर थोडे थोडे सोडून द्यायचे, अशी आखणी करतात. आधी स्वागताची लांबलचक धून बंद. मग चौकशीचे कॉल मागे. ज्याचा कॉल घेता आला नाही, त्याचा नंबर नोंदवून उलट फोन. तापात शरीर भूक मारते, पण हृदयाचा आणि मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते, तसेच हे.

दूरचा शेजारी

एक इमारतच गेली तर? आग, पूर, भूकंप. त्यासाठी दुसरे केंद्र दूर हवे, इतके दूर की एकाच संकटात दोन्ही सापडणार नाहीत. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठीच्या ११२ या क्रमांकाचे महाराष्ट्रातील मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरे नागपूरला. नवी मुंबईत कॉल घ्यायला कुणी मोकळे नसेल, तर तो नागपूरला जातो. समुद्राची भरती नि कोकणचा पाऊस विदर्भात पोहोचत नाही. शिवाय दुसरे केंद्र रोजच कॉल घेत राहते, त्यामुळे ‘वेळ आली तर चालेल ना?’ ही शंका उरत नाही. कपाटात ठेवलेल्या जोडीदारापेक्षा रोज कामावर येणारा जोडीदार केव्हाही भरवशाचा.

अंतराचीही किंमत असते. ई-मेल दोन सेकंद उशिरा आला तरी कुणाचे बिघडत नाही. बोलण्याचे तसे नाही. एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोहोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून, म्हणजे सुमारे १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता घेताना हे परवडत नाही. म्हणून आवाजाची पाकिटे इतर माहितीच्या पुढे काढली जातात.

शेवटची कडी माणसाची

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १०८ सेवा त्याच वर्षी सुरू झाली होती, औंधचे केंद्र त्याच जिल्ह्यात होते. पण गावातून फोन करायला कुणी उरले नव्हते. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला दिसले, की गाव जागेवर नाही, आणि त्याने ती खबर पोहोचवली. त्यानंतर मदतीची चक्रे फिरली. सर्व्हर कितीही भक्कम असला, तरी साखळीचे पहिले टोक असे एखाद्या माणसाच्या हाती असते.

दुसऱ्या टोकालाही माणूसच असतो. सूचना किरकोळ की गंभीर हे ठरवणारा, जनरेटर महिन्यातून एकदा खरोखर भार देऊन चालवणारा, मुख्य सर्व्हरची तार भरदिवसा मुद्दाम उपटून ‘बघू या, दुसरा उठतो का’ म्हणणारा. ही तालीम त्रासदायक असते, त्यात काही वेळा फजितीही होते. पण ती मंगळवारी दुपारी सगळे हजर असताना झालेली बरी. दिवाळीच्या रात्री झाली तर निस्तरायला कुणी नसते.

रुग्णालये, नर्सिंग होम, रक्तपेढ्या आणि मोठ्या सोसायट्यांनी आपल्या फोन यंत्रणेबाबत चार प्रश्न विचारावेत. आता वीज गेली तर रिंग वाजेल का आणि किती तास? बाहेरच्या दोन लाइन खरोखर दोन वाटांनी येतात का? यंत्र तळघरात आहे का? आणि दुसरे यंत्र शेवटचे कधी चालवून पाहिले? चौथ्या प्रश्नाला तारीख सांगता आली नाही, तर दुसरे यंत्र नाहीच असे समजावे.

आपणही काही गोष्टी करू शकतो. घरातल्या ज्येष्ठांचा भरवसा लँडलाइनवर असेल, तर मोडेमला छोटा यूपीएस लावावा. १०८ लागला नाही तर ११२ लावावा. हा क्रमांक मोबाइलच्या जागतिक मानकातच आपत्कालीन म्हणून नोंदवलेला आहे, त्यामुळे आपल्या कंपनीची रेंज नसली तरी फोन जवळच्या दुसऱ्या नेटवर्कवरून तो लावून पाहतो. फोन लागल्यावर आधी ठिकाण सांगावे, जवळची खूण सांगावी, मग काय झाले ते. मध्येच कॉल तुटला तरी निदान गाडी कुठे पाठवायची हे औंधच्या टेबलावर लिहिलेले असेल. आणि समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.